गयामावशीची ओ

गयामावशी कुणाच्याही हाकेला ओ द्यायची. शेजारीण म्हशीला हाक मारी, तरी ही चुलीपुढून "ओ" म्हणे. सारं गाव हसायचं. सुरुवातीला मीही हसलो.

मी तेव्हा लातूरला एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवत होतो. वर्गात इतकी मुलं, की शेवटच्या बाकावरचे चेहरे वर्ष संपलं तरी ओळखू येत नसत. जीव उबगला की रविवारी एसटी धरून जळकोटकडे, मावशीच्या गावी डोंगर चढायला जायचो. चहूबाजूंनी टेकड्या आणि मधल्या खोलगट जागेत गाव. पहिल्या खेपेला माथ्यावर जाऊन मुकाट उतरलो, तर ही वाटेतच उभी.

"वर गेल्यावर हाक मारायची असती, पाव्हणं. खालून कुणाची तरी ओ आली की मग फुडं जायाचं. हितली रीत हाय."

मग घरी नेऊन भाकरीवर ठेचा वाढला, तोही रागातच.

तेव्हापासून मी माथ्यावरून "मावशीऽऽ" अशी हाक मारू लागलो. खालून तिची लांबलचक ओ यायची आणि फार बरं वाटायचं. खोली करून एकट्यानं राहणाऱ्या माणसाला तेवढंही पुरतं.

भूकंपाचं तिनं एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता. तिचं सासर औशाच्या पलीकडे, तेव्हा ती तिथेच नांदत होती. घर पडलं आणि लेक आत अडकली.

"पोर आये म्हणायची, मी ओ द्यायची. उन्हं वर आली. लोकं म्हणले, घोटभर पाणी पी. मी उठले, मास्तर. आले तर पोर गप. मधी हाक मारली असंल का तिनं?"

मी शेंगा फोडत राहिलो. तिनंच विषय बदलला. "तुमच्या लातुरात लई लेकरं आणून ठेवलीत म्हणं. त्यांला ओ कोण देतंय?"

पुढे तिला ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, आता आमची रीत संपली. पण मी टेकडीकडे निघालो की ती अंगणात बाज टाकून बसे आणि मी परत येईपर्यंत थांबून थांबून ओ देत राही. माझी हाक कधी येईल ते तिला कळणार नव्हतं. शेजारीण हातवारे करून म्हणे, "घसा बसंल, मावशे." ही मान हलवायची आणि पुन्हा ओ द्यायची.

मावशी गेल्याचा निरोप उशिरा आला, तोवर माती झाली होती. पुढच्या रविवारी गेलो. टेकडी चढलो. खाली अंगणात तिची बाज भिंतीला उभी करून ठेवलेली दिसत होती. हाक मारायला तोंड उघडेना. खालून ओ आली नाही, तर ते सोसणार नव्हतं. मावशीची फार आठवण येत होती.

उतरण्याआधी मात्र गावाकडे तोंड करून मी जोरात ओ दिली. न जाणो, तिनं हाक मारली असेल.