भिंतीकडची बाजू

इकडं ये गं, अशी जवळ बस. तो फोन ठेव खाली. बेळगावच्या कॉलेजात जाऊन चार महिने झाले न्हाईत आणि म्हणतीस, "आज्जी, बीजगणित सोडते, त्याचा जन्मात उपयोग न्हाय." चौथी शिकलेल्या आज्जीला असं सांगतात व्हय? तुझंच जुनं पुस्तक माळ्यावरनं काढून मी दोन वर्षं रोज दुपारी घेऊन बसले. शिकवायला कोण होतं? अडलं की मागच्या पानावर जायचं, तिथनं पुन्हा यायचं. आता त्याचं मी काय केलं ते ऐक.

आमच्या बायकांच्या संघाला मिरची वाळवायला जागा पाहिजे होती. रस्त्यावर पसरली की गाड्यांचा धुरळा, शेळ्यांची तोंडं. पंचायतीच्या मेंबरनं बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारीमागची जागा दाखवली. म्हणाला, "तार चाळीस मीटर हाय, जास्तीची मिळणार न्हाय. अर्जात तुम्हीच दीडशे चौरस मीटर लिहिलंय. तेवढं कुंपणात बसलं तर जागा तुमची. न्हाय तर तिथं ट्रॅक्टर लावायचेत."

आणि स्वतःच चुन्यानं चौकोन आखून मोकळा झाला. चारी बाजू दहा-दहा. भरले किती? शंभर. बायकांची तोंडं उतरली.

मी म्हटलं, "अण्णा, भिंतीकडनं तार कशाला? भिंत हाय की तिथं, लांबच्या लांब."

"आक्का, वखारीच्या भिंतीपुढं तार असतीच. रीत हाय ती."

ती रीत मला सांगतोय! वीस वर्षं त्याच वखारीत बसून मी पानं निवडली. बाया खिडकीतनं जुडी बाहेर देतील म्हणून मालकानं भिंतीपासनं हातभर सोडून तार ओढलेली. संध्याकाळी दारात पदर झटकून दाखवायचा, मगच घरी. मालक गेला, छप्पर गेलं, पण इथली माणसं अजून भिंत दिसली की तिच्यापुढं तार ओढतात. शाळेच्या भिंतीलासुद्धा ओढलीय. का, ते कुणी विचारत न्हाय.

"आम्हाला चोर ठरवणारी तार हाय ती," मी म्हटलं. "तिच्यासाठी वीतभरसुद्धा खर्चायची न्हाय. भिंत हीच आमची चौथी बाजू. उद्या दीडशे दाखवते."

"दाखवा की," तो हसला. "तोवर ट्रॅक्टरवाल्यांना थांबवतो."

घरी येऊन वही उघडली. भिंतीपासनं बाहेर येणारी बाजू क्ष. अशा दोन, म्हणून समोरच्या बाजूला उरली चाळीस उणे दोन क्ष. दोन्हींचा गुणाकार दीडशे किंवा जास्त पाहिजे. सगळ्याला उणे दोननं भागलं आणि अवयव पाडले. पाच आणि पंधरा आले. उत्तर लिहिलं, क्ष पाचाच्या आत किंवा पंधराच्या वर.

सकाळी तीन मीटरवर दोरी धरली. माझी जाऊ दोरीच्या टोकाला उभी. म्हणाली, "आक्का, ही मिरचीची जागा हाय का बैलगाडीची वाट?" सगळ्या खदाखदा हसल्या. मोजलं तर एकशे दोनच. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

तिथंच मातीत बसले आणि काटकीनं पुन्हा मांडलं. उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटं करायचं असतं, तेच राहिलं होतं! पुस्तकात चौकटीत छापलंय, तरी हात चुकला. चिन्ह फिरवलं आणि उत्तर आत वळलं. पाच ते पंधरा, मधलं कुठलंही चालेल. आणि सगळ्यात जास्त जागा बरोबर मध्यावर, दहाला. बाहेर दहा, भिंतीलगत वीस. दोनशे.

मेंबर आला, त्यानं स्वतःच्या टेपनं दोनदा मोजलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "मधलं कुठलंही चालतंय म्हणता, तर सहा घ्या की. एकशे अडुसष्ट होतंय, अटीत बसतंय. एवढी हाव कशाला? पुढं ट्रॅक्टर मावतील."

"तार तेवढीच, भिंत तीच," मी म्हटलं. "मग कमी जागा कशाला घ्यायची? दीडशे ही तुमची अट अण्णा, दहा हा माझा हिशेब. कुठं चुकलाय ते मातीत मांडून दाखवा, लगेच सहावर येते."

काटकी त्याच्या पुढं धरली. त्यानं घेतली न्हाय. टेप गुंडाळत कानडीत म्हणाला, "आयतु, आक्का." म्हणजे झालं. "रोवा खांब."

दुपारपर्यंत आम्हीच खांब रोवले. भिंतीकडं एकही न्हाय. आता मिरची थेट भिंतीपर्यंत पसरतोय, आणि टेकायला भिंत मिळाली म्हणून जावेची कंबर खूश हाय.

तर सोडायचं बिडायचं बोलू नकोस. तुझं अडलंय ते पान घेऊन ये, मी काटकी देते. बेळगावातनं एका बसचं तर अंतर. या रविवारीच पुन्हा ये बघ, देठं खुडायला हात कमी पडतायत.