आधी ‘घेतला’ म्हण

कंपनीतले किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. शिफ्ट बदलताना एकजण प्लँट सोपवतो, दुसरा ताब्यात घेतो, आणि त्या दहा मिनिटांत प्रेशर-टेंपरेचरबरोबर एखादी गोष्टही इकडून तिकडे जाते. नव्वदच्या दशकात मी धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. तिथल्या बऱ्याच गमती विसरलो. ‘तणावमुक्ती सप्ताहा’चे किस्से मात्र विसरता येत नाहीत.

*

आधी आमचा नियम सांगतो. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन ‘घेतला’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. घेतला म्हणजे चार्ज घेतला. गणपत मोकलचा रिलीव्हर मी, वसंत. तो पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा, घरची मिठागरातली माणसं. मी कंपनीजवळच्याच वरसे गावचा.

एकदा पेणहून येताना माझी एसटी नागोठण्याच्या अलीकडे बंद पडली. विटांच्या ट्रकवर बसून, चार तास उशिरा, नखशिखांत लाल होऊन मी पोचलो. मोकल उपाशी उभा! मी आपली गाडीची रडकथा सुरू केली.

“वशा, आधी ‘घेतला’ म्हण,” तो म्हणाला, “मग तुझी गाडी सांग!”

‘घेतला’ म्हटल्यावर त्याने डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. त्याची बायको यमुना माझ्यासाठी म्हणून जवळ्याची चटणी जास्तच द्यायची.

ती यमुना पुढे आठ दिवसांच्या तापात गेली. मूलबाळ नव्हतं. मोकल तेराव्यानंतर कामावर आला, पण बोलेना.

*

त्यानंतर महिन्याभराने मुंबईच्या हेड ऑफिसने सप्ताह पाठवला. पाठवला म्हणजे बॅनर, पोस्टरं आणि टाय लावलेला एक तरुण साहेब.

पहिल्या दिवशी साहेबांनी आम्हाला प्लँटच्या मागे ओळीने उभं केलं. “डोळे मिटा. आता खोल, अगदी खोल श्वास घ्या!”

कुणी श्वास घेईना. साहेबांनी विचारलं, काय झालं?

आमचे फोरमन भोईर नम्रपणे म्हणाले, “साहेब, मागं गॅसची लाईन हाय. इथं खोल श्वास घेऊ नये, असा कंपनीचाच बोर्ड हाय!”

साहेबांनी मागे वळून बोर्ड वाचला. पुढचा व्यायाम कँटीनमध्ये झाला.

*

पोस्टरवर मोठ्या अक्षरांत होतं, ‘मन मोकळे करा’. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातला ‘ळे’ खोडून ‘ल’ केला. मन मोकल करा!

पूर्वीचा मोकल असता तर सगळ्यांना ओढून ओढून दाखवलं असतं त्याने. हा पोस्टरसमोर उभा राहिला, वाचलं आणि निघून गेला. ज्याने खोडलं होतं त्याने जेवणाच्या सुट्टीत ते पोस्टर गुपचूप काढून टाकलं. कोणी ते सांगायला नको. तो मीच होतो.

*

टाइम ऑफिसला लागून, काचेच्या केबिनमध्ये सल्ला केंद्र उघडलं. दारावर पाटी होती, ‘पूर्ण गुप्तता’. आत जायच्या आधी वहीत नाव, टोकन नंबर आणि कारण लिहायचं!

तीन दिवसांत एकच जण आत गेला, कँटीनचा चहावाला. त्यानेही कारण लिहिलं, ‘चहा’.

*

त्याच आठवड्यात चार्ज देता देता मोकलचा हात भलत्याच व्हॉल्व्हवर गेला. मी मनगट धरलं म्हणून वाचलो, तोही आणि आम्ही सगळेही. “काय करतोस रे?” मी ओरडलो.

“झोप नाय वशा,” तो म्हणाला. “घरी डोला लागला ना, तर वाटतं जागा सोडून झोपलो. दचकून उठतो.”

मी भोईरांना सांगितलं. वर कळवलं असतं तर मोकलची नोकरी गेली असती आणि त्या रिकाम्या घरात त्याचं काय झालं असतं, याची मला भीती वाटत होती. भोईर फक्त “बघू” म्हणाले आणि त्याला व्हॉल्व्हपासून लांब, लॉगबुकवर बसवलं.

*

शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतले. प्रश्न होता, ‘तणावातून तुम्हाला रिलीफ कोणाकडून मिळतो?’

साहेबांची अपेक्षा होती, कुणी आई लिहील, कुणी देव लिहील. आमच्या लोकांनी ‘रिलीफ’ वाचलं आणि आपापल्या रिलीव्हरचं नाव टाकलं! काहींनी टोकन नंबरसुद्धा. साहेब कपाळाला हात लावून एकेक फॉर्म मोठ्याने वाचत होते आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

मग त्यांच्या हातात मोकलचा फॉर्म आला.

“कंपनीत, वसंत. घरी, नाय.”

हसणं थांबलं. भोईरांनी साहेबांच्या हातातून तो कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी भोईर स्वतः मोकलला पेणच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, यांना सध्या एकटं ठेवू नका.

शनिवारी ड्युटीच्या तक्त्यावर बॉयलर, रिअॅक्टर आणि स्टोअरच्या खाली एक नवी ओळ होती, ‘मोकलचं घर’. पुढे रविवारपासून वारांप्रमाणे आमची नावं.

कामगार अधिकारी तक्त्यापाशी थबकले. “भोईर, हे कुठलं युनिट?”

“पेणला हाय साहेब. चोवीस तास चालू हाय, बंद ठेवता येत नाय.”

अधिकारी वाकडा झालेला तक्ता तेवढा सरळ करून गेले.

*

पहिली पाळी माझी, रविवारची. सकाळच्या एसटीने पेणला उतरलो आणि खाडीच्या बांधावरून त्याच्या घरी गेलो. मोकल ओटीवर गुडघे धरून बसला होता. डोळे लाल. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. त्याला बघितलं आणि एकच शब्द तोंडात आला.

“घेतला.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला आणि सवयीने चार्ज द्यायला लागला.

“चुलीवर भात हाय. कोंबड्या बाहेर हायत, पाच. मागच्या दाराची कडी नीट लागत नाय, वर उचलून लाव.” आत यमुनेच्या फोटोपुढे दिवा होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तेल बघ. इझू देऊ नको.”

“नाय देत.”

“सगला घेतला?”

“सगला घेतला. जा तू.”

तो तिथेच ओटीवर आडवा झाला. मी दोनदा तेल घातलं. कोंबड्या मोजल्या. चार वाजता भोईर आले. घोरणं ऐकून पायरीवरच थांबले आणि हाताने खूण केली, निघ आता.

मी जागचा हललो नाही. ते वाकून माझ्या कानाशी “घेतला” म्हणाले, तेव्हा मी चपला घातल्या.