सातच्या उपासनेचे बिशप

तुमच्या घरी आजवर जी मोठी माणसं येऊन गेली, त्यांच्यापैकी चहा झाल्यावर स्वतःचा उष्टा कप उचलून मोरीत नेऊन ठेवणारा एक तरी माणूस तुम्हाला आठवतो का? मला एकच आठवतो. ते आमचे बिशप होते.

घरातली बाई धावत यायची. "अहो साहेब, राहू द्या!" साहेब कप हातात धरून उभेच. "राहू दिला तर तो तुम्हाला उचलावा लागेल. मोरी कुठे आहे तेवढं सांगा." सगळी मंडळी त्यांना साहेबच म्हणायची. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बोलण्यात नगरकडचा हेल. पांढरा झगा ते कापडी पिशवीत घडी करून आणायचे, उपासनेपुरता घालायचे आणि शेवटचा आशीर्वाद देऊन झाला की लगेच काढून ठेवायचे. म्हणायचे, "हा अंगात असला की लोक माझ्याशी खरं बोलत नाहीत." त्यांचा उपदेशही आखूड असायचा. उपाशी माणसाला लांब प्रार्थना ऐकवणं हे पाप शास्त्रात लिहायचं राहून गेलंय, असं त्यांचं मत होतं.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तो आरोपी म्हणून. माझे वडील कल्याणच्या बाजारात उभे राहून येशूच्या सुवार्तेची पत्रकं वाटायचे. आमच्या कपाटात कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती आणि मी वाचायला शिकलो तेही त्यांच्यावरच. त्यामुळे अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. प्रचारक म्हणून माझी पहिलीच नेमणूक डोंबिवलीत, कोपरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये झाली आणि तिथे मला अन्याय दिसला.

आमची मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. रविवारी दोन उपासना. सातच्या उपासनेला मराठवाड्यातून आलेल्या बाया येतात, पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. ती उपासना मी घ्यायचो. साडेनऊला जुनी, नोकरदार घराणी येतात. ती उपासना कल्याणहून येणारे पाद्री, आमच्या भाषेत पाळक, घ्यायचे. आता प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारस, हे फक्त दीक्षा झालेला पाळकच देऊ शकतो, माझ्यासारखा प्रचारक नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं ते साडेनऊलाच. त्या वेळी सातच्या बाया कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असायच्या. कितीतरी बायांनी डोंबिवलीत आल्यापासून ते मेज पाहिलंच नव्हतं. कमिटीला विचारलं, तर सेक्रेटरी साळवेकाका म्हणाले, "अरे, सातची वेळ त्यांच्याच सोयीसाठी आहे ना रे! उगाच काड्या करू नकोस."

मी पत्रक काढलं. मथळा होता, ‘प्रभू एक, मेजं दोन?’ आत मागणी केली होती, सातची उपासना बंद करा, सगळ्यांना साडेनऊला एकत्र बसवा. साडेनऊच्या उपासनेतून लोक बाहेर पडत होते तेव्हा दारात उभं राहून ते वाटलं. कमिटीने त्याच आठवड्यात लेखी मागणी केली, हा प्रचारक आम्हाला नको.

साहेबांनी मला ठाण्याला त्यांच्या खोलीवर बोलावलं. मी वाटेत भाषण पाठ करत गेलो होतो. ते त्यांनी करूच दिलं नाही. पत्रक माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाच. मोठ्याने वाच, तुझा आवाज ऐकायचाय." मी तावातावाने वाचलं. ‘भाकरीची प्रतवारी करणारे व्यापारी’ या ओळीवर ते खदखदून हसले आणि म्हणाले, "हे साळवेंना फार लागलंय." मग गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"सातच्या बायांचं काय म्हणणं आहे?"

"साहेब, त्या गरीब आहेत. त्या काय बोलणार?"

"बोलणार नाहीत की बोलल्या नाहीत?"

ते थांबले. साहेबांचं थांबणं फार अवघड असायचं. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत ते मधे एक शब्द भरायचे नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "अजून विचारलं नाही." त्यावर ना रागावले ना उपदेश केला. फक्त म्हणाले, "बरं. रविवारी आपण दोघं विचारू. तुझं राहायचं की जायचं, तेही मग बघू."

त्या रविवारी कमिटीने साडेनऊसाठी हार, फुलं, मुलांचं स्वागतगीत अशी सगळी तयारी केली होती. साहेब पावणेसातलाच रिक्षातून उतरले, पिशवी काखेत. मी म्हटलं, "साहेब, उपासना तुम्ही घ्या." म्हणाले, "मी तुझा पाहुणा आहे. तू घे." आणि सगुणामावशीच्या शेजारी जाऊन बसले. सगुणामावशी परभणीकडची, पाच घरच्या पोळ्या करणारी. तिने त्यांना आपल्या गीतपुस्तकात बघू दिलं आणि पान चुकले तेव्हा बोट ठेवून दाखवलंसुद्धा.

उपासना संपल्यावर साहेब उठून म्हणाले, "या प्रचारकाचं म्हणणं आहे, तुम्ही सगळ्यांनी साडेनऊला यावं. तुमचं काय म्हणणं?"

साहेब उभेच. मग सगुणामावशीने पदर सावरला.

"साहेब, ब्रदरचं मन लई चांगलं हाय. पर साडेनवाला आमी इथं बसल्यावर पोळ्या कोन लाटंल? हे येतील का लाटाया?"

हॉलभर हशा. मीही हसलो, दुसरं काय करणार!

"मग सातच बरी?"

"सातच बरी. आमची हाय ती. इथं आमी मोठ्यानं गातो, तितं मोठ्यानं गायलं की मागं वळून बघत्यात." मग हळू आवाजात म्हणाली, "पर साहेब, मेज पायजे. माजी माय म्हणायची, मेजावरनं उठलं की अंगात बळ येतं. लई वर्सं झाली."

साडेनऊच्या उपासनेत साहेबांनी हार घालून घेतला, गाणं ऐकलं, मुलांशी हस्तांदोलन केलं. मग दोन वाक्यांत निर्णय सांगितला. यापुढे कोपरला प्रभुभोजन पहिल्या रविवारी, फक्त सात वाजता. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी सातला यावं. पाळक चाचरत म्हणाले, "साहेब, त्या वेळी मी कल्याणला असतो. कल्याणची मंडळी काय म्हणेल?" साहेब म्हणाले, "विचारा त्यांना. महिन्यातून एकदा उशिरा सुरू करायला चालेल का, एवढंच विचारा." कल्याणच्या लोकांना चाललं. त्यांना तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

माझं प्रचारकपद राहिलं. पण मी धुमसत होतो, कारण दुपारी साहेब साळवेकाकांच्याच घरी जेवले, सुक्या बोंबलांची तारीफ केली आणि ताट स्वतः उचललं. परतताना मी म्हटलंच, "साहेब, तुम्ही त्यांना एक शब्द बोलला नाहीत."

"बोललो असतो तर ते माझ्यावर रागावून मोकळे झाले असते. आता त्यांना पहाटेचा गजर लावावा लागेल."

हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही. काही गोष्टी तोंडावर बोलायला हव्यात, असं माझं मत आहे आणि मी अजूनही पत्रकं काढतो. पण पुढच्या पहिल्या रविवारी साळवेकाका झोपाळलेल्या डोळ्यांनी आले, मेजापाशी सगुणामावशीच्या शेजारी गुडघे टेकले आणि दोघांनी एकाच पेल्यातून घेतलं, हे मी पाहिलं आहे. माझ्या कुठल्याही पत्रकाला ते जमलं नसतं.

साहेब आता निवृत्त झालेत. त्यांना मुरबाडमार्गे नगरला जाणाऱ्या एसटीत बसवायला मी कल्याण डेपोत गेलो होतो. मी रडवेला झालो, तर खिडकीतून म्हणाले, "माझ्या मागे मेज पुन्हा साडेनऊला न्यायला बघतील. तेव्हा तू एकटा भांडू नकोस. एकट्याचं भांडण लोक तमाशासारखं बघतात."

तसंच झालं आहे. प्रभुभोजन पुन्हा साडेनऊला न्यायचा ठराव कोपरच्या येत्या सभेत येणार आहे. कारण लिहिलंय, ‘बहुसंख्य सभासदांच्या सोयीसाठी’. सातच्या बाया त्या सभेला नसतील. ती त्यांच्या कामाच्या वेळेत आहे.

म्हणून कोपरच्या सभासदांनो, एवढंच करा. मत देण्याआधी येत्या रविवारी सातला या. सगुणामावशीच्या बाकावर जागा आहे. तिच्या शेजारी बसा, तिला काय हवंय ते तिलाच विचारा, आणि ती जे सांगेल ते सभेत उभं राहून तिच्या नावाने बोला.