वाऱ्याकडचा गाल

हिवाळ्यातली ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कॅनडात कसलं वाळवंट, असं लोक विचारतात. मॅनिटोबात आहे. वाळूच्या टेकड्या, त्यांवर बर्फ, आणि वारा असा की पावलांचे ठसे बघता बघता पुसतो. माझी तेव्हा तिथल्याच पोलीस ठाण्यात ड्यूटी होती.

फोन एका मराठी बाईंचा आला. "सर, आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मघापासून शोधाशोध चाललीय. एक जण टेकड्यांत राहिलाय. बाकीचे पोलिसांना कळवू नका म्हणतायत, पण मला राहवेना."

टेकड्यांपाशी पार्किंगमध्ये त्या हरवलेल्याचा मित्र भेटला, नागपूरकडचा सॉफ्टवेअरवाला. "आम्ही ट्रेलवरच, आखलेल्या वाटेवरच होतो सर. तो मागे राहिला. फोन स्विच ऑफ येतोय." थंडीत बॅटरी बसते, तेवढं खरं होतं. पण आमच्या माणसांनी ट्रेल पालथा घातला, मागमूस नाही. अंधार पडायला आला होता, आणि त्या थंडीत उघड्यावर रात्र काढून कोणी वाचत नाही.

त्या मित्राला माझ्या गाडीत बसवून जबाब घेतला. पुन्हा पुन्हा तेच उत्तर! माझं टाळकं सरकलं. ओरडणार तेवढ्यात त्याचा चेहरा नीट दिसला. उजवा गाल आणि कान मेणासारखे पांढरे पडलेले, डावी बाजू ठणठणीत. वारा सकाळपासून वायव्येचा. ट्रेलही वायव्येलाच जातो, म्हणजे परतताना वारा पाठीवर हवा.

"अरे बाबा, वारा तुझ्या उजव्या गालाला लागलाय. तू ईशान्येकडून आलास. तिकडे तर कुंपण आहे, पलीकडे जायला बंदी. थापा मारू नकोस."

तो ढसाढसा रडायला लागला. "सर, माझी पीआरची, इथे कायम राहायच्या परवान्याची फाइल चालू आहे. कुंपण ओलांडलं हे रेकॉर्डवर आलं तर…"

"कुंपणासाठी कोणी देशाबाहेर काढत नाही रे! तो गेला तर काय करशील?"

मग सगळं बाहेर आलं. मित्राचा पाय मुरगळला होता. त्याला टेकडीच्या आडोशाला बसवून, "हलू नकोस" असं बजावून हा मदत आणायला निघाला होता.

आम्ही ईशान्येला धावलो. उजेड जाता जाता तो सापडला, बॅगेवर अंग चोरून बसलेला. जागचा हलला नव्हता, म्हणून वाचला. डोक्यावर दोन कानटोप्या होत्या. दुसरी कोणाची, मी विचारलं.

"त्याची. नको नको म्हणत होतो, जबरदस्तीने घातली."

ज्या गालावरून मी त्याचं खोटं पकडलं, तो मित्राला टोपी दिल्यामुळे उघडा पडला होता. त्यानंतर कोणी खोटं बोलताना सापडला, की हा कशाला घाबरलाय, हे मी आधी विचारत असे.