सायलीचा हात आणि चॅम्पियनचे पेलेट

उपनगरातल्या एअर रायफलवाल्यांनो, नेम चुकला की आपल्याला एकच ऐकवतात, "पेलेट, म्हणजे छर्रे, चॅम्पियन वापरतो तेच आहेत, तुझाच हात वाईट!"

हे ऐकून ऐकून माझी भाची सायली रायफल विकायला निघाली होती.

आज बोरीवलीच्या रेंजवर मी तिची रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट आवळली. आता हाताचा प्रश्नच नाही! तरी चॅम्पियनचे पेलेट कागदभर विखुरले. मग केसभर जाड पेलेट घातले. सगळे एकाच भोकात!

"मावशी, माझा हात चांगलाय गं!" सायली ओरडली. लगेच रायफल सोडवून उभी राहिली आणि त्याच जाड पेलेटनी आजवरचा सगळ्यात चांगला स्कोअर मारला. तिचे कोच हळूच म्हणाले, "ताई, माझी रायफल पण लावा ना."

प्रत्येक रायफलची नळी वेगळी असते, तिला मानवणारा पेलेटही वेगळा. दुसऱ्याच्या पदकाला भुलू नका. या रविवारी आपली रायफल क्लॅम्पला लावा आणि वेगवेगळे पेलेट मारून बघा. मग बघू, हाताला कोण नावं ठेवतो!