मागाचा खड्डा

तुरुंग सरकार चालवतं, असा माझा समज होता. बेळगावात एका सभेत भाषण ठोकल्याबद्दल मला नऊ महिने मिळाले, आणि आत गेल्यावर पंधरवड्यात तो समज उतरला. साहेब फक्त सोमवारी छडी फिरवत फेरी मारायचा. जेलर आदल्या दिवशी भिंतींना चुना मारून घ्यायचा. पगारी शिपायांकडे किल्ल्या असायच्या. बाकी सगळा कारभार कैदीच हाकायचे. भाकरी कैदी भाजायचे, हजामत कैदी करायचे, आणि कैद्यांवर काठी उगारायलाही जुना कैदीच मुकादम नेमलेला असायचा. बाहेर माणूस मारून आलेला आत दुसऱ्यांना शिस्त शिकवायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या मी तिथे रोज पाहत होतो.

वर्गवारी तर त्याहून थोर. मी पदवीधर मास्तर, म्हणून ब वर्ग: दूध, वर्तमानपत्र आणि कारखान्यात लिहिण्याचं हलकं काम. वडगावचा एक विणकर भाऊबंदकीत कुणाचं तरी डोकं फोडून आला होता. तो क वर्ग: कांबळं, कण्या आणि सक्तमजुरी. सगळे त्याला आप्पा म्हणत. देशासाठी तुरुंगात आलो म्हणून छाती काढून फिरणाऱ्या आम्हा लोकांना ही वर्गवारी मुळीच टोचली नाही. दूध वेळेवर येत होतं ना!

नेमून दिलेलं काम पुरं केलं आणि वागणूक बरी ठेवली, की दर महिन्याला शिक्षेतले काही दिवस माफ व्हायचे. आप्पाचा सगळा जीव त्या दिवसांत अडकला होता. बायकोला क्षय. माफी मिळत गेली तर तो दिवाळीआधी घरी पोचणार होता, नाहीतर शिमग्यालाच. मुलाखतीला आलेल्या लेकीने जाळीपलीकडून सांगितलं होतं, की आई थंडी काढेल असं वैद्याला वाटत नाही.

कैद्यांच्या चड्ड्यांचं कापड आतच विणायचं ठरलं आणि कारखान्यात माग आला. मांडला तो थेट फरशीवर. आप्पाने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "मास्तर, खड्डा कुठाय?"

आमच्याकडचा विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाने दाबायच्या पावड्या त्या खड्ड्यात असतात, त्या दाबल्या की सुतं खालीवर होतात आणि मधून आडवं सूत घेऊन धोटा पळतो. शहापूर-वडगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तुरुंगाच्या भिंतीआड खणायला बंदी होती. जेलर म्हणाला, वरून मंजुरी आणा. मी झोकात इंग्रजी अर्ज लिहिला. तो जेलरकडून साहेबाकडे, साहेबाकडून पुण्याच्या वरच्या कचेरीत गेला आणि दीड महिन्याने एक प्रश्न घेऊन परत आला: खड्ड्यात बसल्यावर कैद्याचं डोकं बाहेर दिसेल काय? दिसेल, असं मी अदबीने कळवलं. अर्ज पुन्हा पुण्याला गेला. तोवर आप्पा विटांवर चढवलेल्या मागापुढे खोक्यावर बसून विणत होता. कापड ढिलं यायचं, काम अपुरं पडायचं, आणि त्या दोन महिन्यांची माफी गेली.

मग एका दुपारी त्याने दोन फरश्या उचलल्या आणि मांडीभर खड्डा खणला. उघड्यावर, सगळ्यांदेखत. पळून जायचं तर दूरच, आपण काही गुन्हा करतोय हेही त्याच्या डोक्यात नव्हतं. माग आला की खड्डा हवाच. पुढचे चार दिवस त्याने नेमल्यापेक्षा जास्त विणलं. मुकादमाने वाहवा केली. जेलरने बोटांत कापड चोळून पाहिलं आणि सोमवारी साहेबाला दाखवायला घडी बाजूला काढून ठेवली.

साहेबाने कापड पाहिलंच नाही. खड्डा पाहिला. भिंत तिथून वीस पावलांवर होती, म्हणजे भुयारच! त्याच खड्ड्याचा अर्ज त्याने स्वतः पुण्याला धाडला होता, हे कुणीच काढलं नाही. जेलरला अर्थातच काही माहीत नव्हतं. मुकादमाला नव्हतं. पान चघळून होईल एवढ्या वेळात चौकशी उरकली. कारखान्याचा लिहिणारा म्हणून मलाही उभं केलं आणि खड्ड्याची माहिती होती का, असं विचारलं. हो म्हटलं असतं तर माझा ब वर्ग गेला असता.

मी म्हणालो, "नाही."

आप्पाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची सगळी माफी रद्द झाली आणि पायांत दांडाबेडी पडली. जेलर भित्रा होता, मुकादम लाचार होता, पण ते निदान सभेत स्वातंत्र्यावर बोलत नव्हते. महिनाभराने पुण्याहून खड्ड्याची मंजुरी आली, नकाशासकट.

मी सुटलो तेव्हा थंडी सरत आली होती. आप्पा अजून आतच. त्याची बायको पौषात गेल्याचं मला बाहेर आल्यावर कळलं. काय बोलायचं हे न ठरवताच मी वडगावात त्याचं घर शोधत गेलो. लेक मागावर बसली होती. उठून तिने पाणी दिलं.

ती म्हणाली, "आप्पानं भुयार खणलं म्हून गावात लई बोलणं झालं. मी आईला सांगितलं, तुला भेटायला भित फोडून येत हुता बग. ती हसली बगा तवा. मग दोन दिसांनी गेली." तिने विचारलं, "मास्तर, तुमी हुता की तितं. खरंच येत हुता का आप्पा?"

मी म्हणालो, "व्हय."

साहेबाचं भुयाराचं खोटं मी तुरुंगात माझ्या सोयीसाठी चालू दिलं होतं. त्या दारात ते मी शपथेवर खरं केलं असतं.