सईदभाईंचा काळा दगड

रोह्यात सईदभाई म्हणजे चेष्टेचा विषय. उभी हयात सौदीतल्या सोन्याच्या खाणीत काढली आणि येताना आणलं काय, तर एक काळा दगड! "या काळ्यातच सोनं हाय," भाई सांगत. लोक हसत. बायको अजीजाही हसे, पण ती आपली रिकामी मनगटं पदराखाली घेऊन.

भाई थापा मारत नव्हते. कोळसा मिसळलेल्या खडकातलं सोनं डोळ्यांना दिसत नाही आणि रसायनात विरघळवलं, तरी कोळसा ते परत गिळून बसतो. म्हणून खाणीनं असल्या खडकाचा भाग बंद केला आणि भाईंची टोळी घरी पाठवली.

पुढं भाईंनी अंथरूण धरलं. लेक हफ्सा नागोठण्याकडच्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर कामाला होती. भाईंनी दगड तिच्या हाती दिला. "डोळे मिटायच्या आत मना दाखव गो."

हफ्सानं दगडाची कपची घासून गुळगुळीत केली. चित्र स्पष्ट यावं म्हणून नमुन्यावर कार्बनचा पातळ थर देतात, तो रोजच्या सवयीनं दिला. पडद्यावर काळ्याकुट्टात एक पांढरा ठिपका चमकला. यंत्र म्हणालं, सोनं! तिला रडूच फुटलं. तिनं लगेच फोन लावला, "अब्बा, दिसलं!"

"फोटो आण," भाई म्हणाले.

आणि तिथंच घात झाला. थरही कार्बनचा, दगडातला कोळसाही कार्बनच. मग सोन्याभोवतीचा कार्बन दगडाचाच, हे सिद्ध कसं करणार? अब्बांचा पुरावा बावनकशी हवा. फोटो न घेताच तिनं थर घासून काढला, आता क्रोमियमचा द्यायचा म्हणून. पण तो कण धुळीहून बारीक. थराबरोबर तोही गेला. अख्खा दगड कापून पाहिला, दुसरा सापडला नाही.

घरी येऊन तिनं सगळं खरंखरं सांगितलं. भाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाचं मन राखलंस गो. बरं वाटलं."

"नाय अब्बा! खरंच होतं!"

लोक त्यांना हसत, तसेच भाई तिला मायेनं हसले.

शुक्रवारी ते गेले. मातीला आलेल्या प्रत्येकाच्या घरच्या बायकांना हफ्सा सांगत होती, "काळ्यातच सोनं होतं, मी पायलं." बायका तिला जवळ घेऊन म्हणत होत्या, "व्हय गो, व्हय."